सर, तुमचा एच किती?

पूर्वी चर्चासत्राला आलेल्या पाहुण्यांचा परिचय दहा मिनिटं चाले आणि त्यातून पाहुण्यांबद्दल काहीच कळत नसे. ‘सरस्वतीचे उपासक’, ‘ज्ञानाचा अथांग सागर’ आणि ‘त्यांच्याविषयी मी पामर काय बोलणार’ एवढ्या भांडवलावर काम भागे. आता परिचय अर्ध्या मिनिटात आटोपतो. मध्यंतरी आमच्या कॉलेजात एक रसायनशास्त्रज्ञ आले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने कागदावरून वाचलं, “सरांचे एकशे बारा शोधनिबंध, तेवीसशे सायटेशन्स, एच-इंडेक्स चोवीस.” टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या हिंदीच्या मॅडमनी मला हळूच विचारलं, “चोवीस म्हणजे चांगलं, की पथ्य पाळायला हवं?”

प्रश्न अगदी रास्त होता. आकडा सांगितला की आपल्याकडे टाळी पडते. तो कशाचा आणि कितीपैकी, हे विचारायची पद्धत नाही.

एच-इंडेक्स हे प्रकरण २००५ सालचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ते काढलं. हिशेब सोपा आहे. आपले सगळे निबंध, इतरांनी ज्याचा उल्लेख सर्वांत जास्त केला तो सर्वांत वर, असे उतरत्या क्रमाने लावायचे. समजा पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख आहेत ४०, १२, ३, २ आणि शून्य. तिसऱ्या निबंधाला किमान तीन उल्लेख आहेत, चौथ्याला मात्र चार नाहीत. म्हणून आपला एच तीन. पहिल्या निबंधाचे उरलेले सदतीस उल्लेख जमेस धरले जात नाहीत. थोडक्यात, आयुष्यभरात एकच अजरामर निबंध लिहून गेलेल्या माणसाचा एच एक, आणि आमच्यासारख्यांनी दोन बेताचे लिहून दोन-दोनदा उल्लेख मिळवले, तर आमचा दोन.

हिर्शसाहेबांनी त्याच लेखात ठोकताळाही दिला होता. वीस वर्षं संशोधन केलेल्या भौतिकशास्त्रज्ञाचा एच वीस असेल तर तो यशस्वी, चाळीस असेल तर असामान्य, साठ असेल तर विरळा. भौतिकशास्त्रात त्यांना सर्वांत वरचा सापडला तो एडवर्ड विटेन, एच ११०. जीवशास्त्राच्या बाजूला पाहिलं, तर सोलोमन स्नायडर, एच १९१. म्हणजे जीवशास्त्रवाल्यांचं डोकं भौतिकवाल्यांच्या पावणेदोनपट चालतं असं कोणी समजू नये. तिकडे माणसं जास्त, निबंध जास्त आणि प्रत्येक निबंधाखालची संदर्भसूची लांबलचक. त्यामुळे वाटपाला मुळात मालच जास्त. गणितवाला मात्र एका सिद्धतेपाशी दोन-दोन वर्षं बसून राहतो आणि शेवटी पंधरा संदर्भांत आटोपतो. एकाच आवारात, एकाच कॅन्टीनचा चहा पिणाऱ्या माणसांचे आकडे असे शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत. हे हिर्शनी पहिल्याच लेखात नोंदवलं होतं. पण नियम करणारी माणसं लेखातला आकडा तेवढा घेतात, त्याच्या खालची टीप घेत नाहीत. पुढे २०२० साली हिर्शनी स्वतःच लिहिलं, की हे माप सपशेल फसू शकतं आणि त्यातून नको ते परिणाम होऊ शकतात. तोवर त्यांचा एच जगभर पसरला होता.

आम्हा मराठीवाल्यांचा तर प्रश्नच वेगळा. आमच्याकडे महत्त्वाचं काम पुस्तकात होतं, आणि पुस्तकाचा उल्लेख पुस्तकात होतो. वाईच्या ‘नवभारत’मध्ये छापून आलेल्या एखाद्या लेखावर लोक वीस वर्षं भांडतात, पत्रं लिहितात, बोलणं टाकतात, पण आकडे गोळा करणाऱ्या यंत्राच्या लेखी बहुधा तो लेख लिहिलाच गेलेला नसतो. तळटिपेत ‘तत्रैव’ लिहून आम्ही एकाच ग्रंथाला चाळीस वेळा मुजरा करतो, तो मोजणार कोण? एका बाबतीत मात्र सरकारने आमची बूज राखली आहे. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञानातल्या शोधनिबंधाला ८ गुण आणि भाषेतल्या शोधनिबंधाला १० गुण आहेत. हे दोन जादा गुण कशाबद्दल, याचा खुलासा नियमावलीत नाही. आम्ही विचारलेलाही नाही. विचारलं की काढून घेतात.

त्याच नियमावलीत सहलेखकांची वाटणीही ठरवून दिलेली आहे. दोनांपेक्षा जास्त लेखक असतील, तर मुख्य लेखकाला निबंधाच्या किमतीच्या ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. इथे आमच्या गणिताच्या सरांना एक गंमत सुचली. २०१५ साली सर्नमधल्या दोन मोठ्या गटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध छापला. लेखक ५,१५४. एकूण तेहेतीस पानं. त्यांतल्या पहिल्या नऊ पानांत विज्ञान आणि संदर्भ, उरलेल्या चोवीस पानांत लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. सरांनी आमच्या नियमाने वाटणी केली, तर त्या एका निबंधाचं श्रेय दीड हजारांहून अधिक निबंधांइतकं भरलं. भारत संशोधनात मागे का, असं विचारणाऱ्यांनी सूत्र तपासावं; आमच्या सूत्रात एका निबंधाचे दीड हजार करण्याची ताकद आहे.

लेखक माणूसच असावा, ही अटही पाळली जातेच असं नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’साठी निबंध तयार केला आणि सवयीप्रमाणे सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहिलं. सहकाऱ्याने सांगितलं, लेखक एकटा असेल तर हे नियतकालिक ‘आम्ही’ चालवून घेत नाही. काळ टंकलेखनाचा. अख्खा निबंध पुन्हा बडवायचा कोणी? त्यापेक्षा त्यांनी एक सहलेखक वाढवला : एफ. डी. सी. विलार्ड. हे त्यांचं सयामी मांजर, घरातलं नाव चेस्टर. निबंध छापून आला, लोकांनी त्याचे उल्लेखही केले. काही निवडक प्रतींवर दोन्ही लेखकांच्या सह्या आहेत. एक पेनाची, दुसरी पंजाची. पुढे १९८० साली विलार्डच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्ये लेखही आला. आमच्याकडे परभाषेतल्या प्रकाशनाला वेगळे गुण मागणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गंमत बाजूला ठेवू. उल्लेख मोजण्याची ही पद्धत मुळात कौतुकासाठी निघालीच नव्हती. ती वकिलांची. अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थांनी डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकिलाने आपल्या कायद्याच्या पुस्तकात त्या त्या निकालाच्या समासात चिठ्ठी चिकटवायची. या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला आणि कुठे तो फिरवला गेला, हे त्यावर लिहिलेलं असे. मेलेल्या निकालाच्या जोरावर कोर्टात उभं राहून फजिती होऊ नये, म्हणून ही सोय. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना विज्ञानात आणली. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी ती मांडली आणि साठच्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जाडजूड खंड निघू लागले. त्यांचाही हेतू एवढाच, की जुन्या निबंधावरून पुढचे निबंध शोधता यावेत आणि खोडून काढलेली माहिती कोणी डोळे झाकून वापरू नये. गारफिल्ड यांची डॉक्टरेट भाषाशास्त्रातली, पण प्रबंधाचा विषय रसायनांच्या नावांवरून यंत्राने सूत्रं कशी काढायची हा. म्हणजे साऱ्या जगाला शाखा-शाखांत मोजणारं हे यंत्र ज्याने उभं केलं, तो स्वतः कुठल्या एका शाखेत बसत नव्हता.

उल्लेखावरून काय कळतं? कोणाचं काम कोणाला उपयोगी पडलं, एवढं कळतं. ते काम थोर होतं का, हा वेगळा प्रश्न. आजवर सर्वाधिक उल्लेखलेला निबंध सापेक्षतेचा नाही आणि डीएनएच्या गोफाचाही नाही. तो आहे सेंट लुईसच्या ऑलिव्हर लॉरी यांचा, १९५१ सालचा. एखाद्या द्रावणात प्रथिनं किती आहेत हे मोजण्याची युक्ती त्यात आहे. २०१४ साली ‘नेचर’ने पहिल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा लॉरींच्या निबंधाचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. वॉटसन आणि क्रिक त्या शंभरांत नव्हते. आता गोफाचा उल्लेख करताना खाली ‘वॉटसन व क्रिक, १९५३’ असं लिहितो कोण? काम पाठ्यपुस्तकात गेलं की तळटिपेतून नाव गळतं. सफरचंद खाली पडतं हे लिहिताना कोणी न्यूटनचा संदर्भ देत नाही. सायटेशन मागणाऱ्यांनी हा पुढचा टप्पाही लक्षात ठेवावा. फार मोठे झालात, तर आकडा वाढायचा थांबतो.

बाकीच्यांचा आकडा वाढवण्याची सोय मात्र आपण केली आहे, आणि ती लग्नातल्या आहेरासारखी आहे. तुमच्याकडून अमुक आला, वहीत लिहून ठेवला, पुढच्या हंगामात तेवढाच परत केला. कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फायली भरायचे दिवस आले, की स्टाफरूममध्ये झेरॉक्सच्या गठ्ठ्यांआडून आवाज येतात : “सर, तुमच्या त्या लेखात आमचा एक संदर्भ टाका ना.” “टाकतो की. पण विषय?” “विषयाचं बघू आपण.” एकदा मी ग्रामीण कादंबरीवरचा लेख लिहीत असताना वाणिज्य विभागातल्या सरांनी सहकारी पतपेढ्यांवरचा आपला निबंध पुढे केला. “कादंबरीत शेतकरी कर्ज काढतो ना? मग झालं!” कर्ज तो खरंच काढतो. त्यामुळे मला धड नाहीही म्हणता येईना.

या आहेराला मंडप लागतो, तोही लगेच उभा राहिला. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांचं काम मोजायला एपीआयचे गुण आणले आणि पाठोपाठ नियतकालिकांचं अमाप पीक आलं. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. या पिकातलं तण काढायला यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी काढली. तिचं बरंचसं काम आमच्या पुणे विद्यापीठातून चाले. मग यादीतल्या नियतकालिकांसारखीच दिसणारी, त्याच नावाची बनावट नियतकालिकं निघाली. २०२५ च्या सुरुवातीला ती यादीच बंद झाली. तण आपल्या जागी आहे.

हे सगळं पाहताना मला हटकून आठवण होते ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांची. समजा कोसंबी आज आमच्या कॉलेजात आले आणि त्यांना कॅसची फाईल भरायला सांगितली. पहिलाच रकाना : विषय. ते लिहितील, गणित. चूक काहीच नाही. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी, फर्ग्युसनमध्ये गणिताचं अध्यापन, पुढे १९६२ पर्यंत मुंबईत टीआयएफआरमध्ये गणिताचं संशोधन. त्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने जाणं-येणं.

मग समिती निबंध बघायला घेईल. १९४० सालचा एक : प्राचीन भारतातल्या आहत नाण्यांच्या वजनाचा सांख्यिकीय अभ्यास. “सर, नाणी? ही इतिहास विभागात जातील.” कोसंबींनी यात केलं काय होतं? नाणं हातोहात फिरताना झिजतं, प्रत्येक वेळी अगदी कणभर. एका नाण्यावरून काहीच कळत नाही. एक जास्त झिजतं, एक कमी. पण ढीगभर नाणी एकेक करून बारीक ताजव्यात तोलली, तर सरासरी घट किती आणि वजनांतली तफावत किती वाढली, याचा नियम दिसतो. तो खरा की खोटा, हे पाहायला त्यांनी बाजारात चालू असलेली नाणी हजारोंनी तोलली. मग तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या नाण्यांकडे वळले. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे ठसे असतात. ज्या नाण्यावर असे ठसे जास्त, ते सरासरीने हलकं, असं आढळलं. म्हणजे ठसा वेळोवेळी मारला जात होता, आणि ठशांवरून नाण्याचं वय लावता येतं. ज्या नाण्यावर ना राजाचं नाव ना सन, त्याला तराजूने बोलतं केलं. हे इतिहास विभागात पाठवलं, तर ते म्हणतील, “यात सूत्रं आहेत, संख्याशास्त्रात न्या.” संख्याशास्त्र म्हणेल, “यात मौर्य आहेत.”

पुढचा निबंध १९४४ चा, ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मधला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे संततीत दिसणाऱ्या सरमिसळीवरून कसं काढायचं, याचं सूत्र त्यात आहे. ‘कोसंबी फलन’ म्हणून ते आजही चालतं. भाताचा, गव्हाचा, तुरीचा जनुकीय नकाशा काढणाऱ्याला संगणकावर पर्याय निवडावा लागतो : हॅल्डेन की कोसंबी? तो कोसंबीवर बोट ठेवतो आणि कामाला लागतो. हे कोसंबी म्हणजे कोणी इटालियन की जपानी, असा त्याला प्रश्न पडला, तर नवल नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक सिद्धांत छापला. पुढे काही वर्षांत कारहूनेन आणि लोएव्ह यांनी तोच स्वतंत्रपणे मांडला, आणि चेहरे ओळखणाऱ्या संगणकापर्यंत तो पोचला तो बहुतेक त्या दोघांच्या नावाने. युद्धाचे दिवस, भारतातलं नियतकालिक. वाचलं किती जणांनी? अलीकडे काही जण कोसंबींचं नाव आधी जोडतात.

समितीला अजून धाप लागायची आहे. ती मघाची आहत नाणी पाडली कोणी, हे शोधायला जुने ग्रंथ हवेत. ग्रंथांसाठी संस्कृत हवं. म्हणून संस्कृताकडे वळलेल्या या गणितज्ञाने भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली आणि १९५७ मध्ये वा. वि. गोखल्यांबरोबर ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या मालेत संपादित केला. तो समाज कसा होता, हे पाहायला मग पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, धनगरांच्या वाटा, कार्ल्याची लेणी, वीरचा म्हसोबा आणि त्याची जोगूबाई. त्यातून १९५६ सालचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ आणि १९६२ चं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’. इतिहासाचे विद्यार्थी हे कोसंबी वाचतात. या कोसंबींनी जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिल्याचं त्यांच्या गावीही नसतं.

आणि संदर्भ देण्याच्या बाबतीत हा माणूस किती भरवशाचा? १९३१ च्या सुमाराचा त्यांचा एक निबंध आहे : ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं सामान्यीकरण’. हा डी. बूर्बाकी म्हणे फारसा कोणाला ठाऊक नसलेला रशियन गणिती. तो कोणाला ठाऊक असणार, तो नव्हताच! अलीगढला असलेले फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी सुचवलेली ही थट्टा, एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी तेच नाव घेऊन पॅरिसमध्ये गणिताच्या ग्रंथांची अख्खी माला लिहिली. गणिताच्या वाङ्मयात बूर्बाकीचा पहिला उल्लेख असा कोसंबी या गोवेकराने केलेला आहे. आयुष्याच्या शेवटच्या काळात कोसंबींनी काही निबंध ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने छापले. म्हणजे नसलेल्या माणसाला संदर्भ दिला आणि असलेल्या माणसाचे निबंध नसलेल्याच्या नावावर टाकले. यंत्राने आता मोजावं काय?

फाईल बंद करताना समिती शेरा मारील : ‘उमेदवाराचं कार्य व्यापक, परंतु विषयाशी संबंधित प्रकाशनं अपुरी.’ मी त्या समितीला दोष देणार नाही. तिच्या हातात रकाने आहेत, आणि रकान्यात एका वेळी एकच विषय मावतो. पण कोसंबींनी पाच विषय केले, हे आपल्याला वाटतं. त्यांच्यापुढे प्रश्न होता, तो एकातून दुसरा निघत गेला, आणि वाटेत ज्या शाखेची पाटी आली, तिच्या दारातून ते आत गेले. आकडा त्या त्या दाराशी थांबतो. त्यामुळे पिकांच्या प्रयोगशाळेतला कोसंबी, इतिहासाच्या वर्गातला कोसंबी आणि भर्तृहरीचा कोसंबी यांची बेरीज कुठल्याच यंत्रात होत नाही. टपाल खात्याने २००८ साली त्यांच्यावर तिकीट काढलं तेव्हा ते एकाच माणसावर काढलं, ही मला त्यातल्या त्यात जाणकारीची गोष्ट वाटते.

एच-इंडेक्स असू द्या. चाळीस अर्ज आले आणि दुपारपर्यंत पाच निवडायचे असले, तर काहीतरी मोजावं लागतं, हे मला कळतं. फक्त रसायनाचा चोवीस आणि गणिताचा नऊ एका तक्त्यात मांडू नका, आणि ज्या निबंधाचा संदर्भ देता तो निदान एकदा उघडून पाहा. आणि तुमच्या कॉलेजात एखादा असा असेल, की जो गणिताच्या खोलीत बसून शिलालेखाची छायाचित्रं न्याहाळतो, किंवा प्राणिशास्त्राच्या तासानंतर मोडी शिकायला जातो, तर त्याला ‘सर, तुमचा एच किती?’ असं विचारू नका. सध्या काय चाललंय, एवढंच विचारा. आणि विचारण्यापूर्वी अर्धा तास मोकळा आहे ना, ते बघून घ्या.